सापळा रात्री मोजेल, आकडा सकाळी कोणाच्या हातात?

(नागपूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक अकराची ठरली होती, आता साडेबारा वाजले. भिवापूरची मंडळी आत्ता पोचली, नरखेडची एसटी अजून रस्त्यातच आहे. वखरणीची कामे अर्धवट टाकून तुम्ही आलात, म्हणून प्रस्तावना करीत बसत नाही.

मागच्या बैठकीत सावनेरकडच्या एका भावाने उभे राहून विचारले होते, "काहो भाऊ, आता म्हणे सापळ्यालाच मोबाईल लावणार. माझ्या वावरात रात्री किती पतंग पडले ते दिल्लीत बसून दिसणार. मग मी कशाला वावरात जाऊ?" सारे हसले, आम्हीही हसलो. पण घरी जाताना वाटेत लक्षात आले की, हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. दिल्लीत दिसेल हे खरे. आपल्याला दिसेल की नाही, हे अजून ठरायचे आहे. आज त्यावरच बोलायचे आहे.

कामगंध सापळा तुम्हाला नवा नाही. पिवळे-हिरवे नरसाळे, खाली पिशवी, वर टोपीखाली रबराची गोळी. त्या गोळीला, म्हणजे ल्यूरला, गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा गंध लावलेला असतो. हा गंध कोणत्या रसायनांचा बनतो ते १९७३ साली अमेरिकेत शोधून काढले गेले आणि मग तो कारखान्यात तयार होऊ लागला. नराला वाटते मादी बोलावते आहे, तो येतो आणि पिशवीत पडतो. मादी त्यात येत नाही, अळी तर येतच नाही.

तरीही आपल्याकडे गोंधळ होतोच. एकराला दोन सापळे लावले की काम झाले, आता बोंडअळी येणार नाही, असे समजणारे पुष्कळ आहेत. एकरी दोन सापळे हे फक्त पाहणीपुरते. अंगात ताप असला की आपण थर्मामीटर लावतो. थर्मामीटरने ताप उतरत नाही, पण दवाखान्यात जायचे की तुळशीचा काढा घेऊन पडून राहायचे ते त्याच्या आकड्यावरून ठरते. सापळ्याचेही तेच. एका सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा त्याहून जास्त पतंग पडले, तर किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे शास्त्र सांगते. त्याच्या जोडीला आणखी दोन खुणा आहेत. शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसणे ही एक. वीस झाडांची वीस हिरवी बोंडे फोडली आणि दोनमध्ये जिवंत अळी निघाली, ही दुसरी. एवढे गणित ज्याला कळले, त्याला कृषी केंद्राच्या काउंटरवर उभे राहून "काय मारू?" असे विचारण्याची पाळी कमी येते.

आकडा वेळेवर हवा, याचे कारण या अळीच्या स्वभावात आहे. हिरवी बोंडअळी बोंडाला भोक पाडून अर्धे अंग बाहेर ठेवून खाते, ती दिसते, औषधाच्या माऱ्यात सापडते. गुलाबी अळी तशी नाही. अंड्यातून निघाली की थोड्या वेळात ती पातीत नाहीतर बोंडात शिरते, आणि शिरलेले छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड ठणठणीत, आत सरकी पोखरलेली. तिच्यावर मग तुम्ही वरून काहीही मारा, पैसे पाण्यात. पतंग उडू लागले आणि अळी आत शिरली, यांच्या मधले जे थोडे दिवस आहेत तेवढेच आपले. ते हुकले की वेचणीला कवडी कापूस हाती येतो, आणि मग दलालासमोर मान खाली घालून उभे राहावे लागते.

सापळ्यातले पतंग रोज सकाळी कोणी मोजायचे, ही खरी अडचण आहे. इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

२०१७ सालची गोष्ट. एका गावात आम्ही पंचवीस-तीस सापळे लावून दिले, एका होतकरू पोराच्या हाती वही दिली. रोज सकाळी पाच सापळे मोजायचे आणि लिहायचे, एवढेच काम. दसऱ्यानंतर गेलो, वही पाहिली. तीन, चार, तीन, दोन, चार. महिनाभर एकाही रात्री आकडा पाचाच्या वर नाही. आम्ही समाधानाने वही मिटली आणि बाजूच्याच वावरातली दहा बोंडे फोडली. सहा बोंडांत अळी. वही पुन्हा उघडली तेव्हा दिसले की, सगळे आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले. पोराने खाली मान घातली. आम्ही त्याला बोललो नाही. सकाळी गोठा, मग दूध पोचवणे, मग निंदणाच्या बाया गोळा करणे, त्यात वावर दीड किलोमीटर दूर आणि चिखल. कोण जाईल रोज पतंग मोजायला? आणि खरे सांगायचे तर, कृषी महाविद्यालयात असताना प्रयोगाच्या प्लॉटची नोंदवही आम्हीही परीक्षेच्या आदल्या रात्री अशीच भरली होती. पदवी मिळाली. त्या खोट्या आकड्यांनी कोणाचे काही बिघडले नाही. या वहीने मात्र एका गावाचा हंगाम बुडाला.

२०१७ साली विदर्भात काय झाले ते तुम्हाला आम्ही काय सांगावे? २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्याच वर्षी आम्ही पदवी घेऊन बाहेर पडलो. २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले. पहिली काही वर्षे अळीचे नाव विसरलो होतो, ते खोटे नव्हते. पण पाकिटातले रेफ्युजीचे बियाणे धुऱ्यावर पेरायचे सोडून आपण फेकून दिले, फरदड मार्चपर्यंत उभी ठेवली, अळीला बारा महिने खायला घातले. गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला ती दाद देत नाही, हे बियाणे कंपनीने २०१० सालीच मान्य केले होते. काही वर्षांत तिने दुसऱ्यालाही पचवले. २०१७ साली ती आपल्या वावरात उभी राहिली तेव्हा कोणाच्याही हातात आकडा नव्हता. आकडा नाही म्हणून अंदाजाने फवारा. एक झाला, दोन झाले, पाच झाले. दोन-तीन औषधे एकत्र कालवून, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, तोंडाला नुसते फडके बांधून. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. मोजले असते तर ते सगळे वाचले असते, असा दावा आम्ही करणार नाही. पण त्यातले किती फवारे उगाचच होते, किती उशिरा झाले, हे आज कोणीही सांगू शकत नाही, कारण नोंदच नाही.

आता यंत्राकडे येऊ.

वावरात न जाता किडीची खबर मिळवण्याचा प्रयत्न आपल्या राज्यात आजचा नाही. २००८ साली विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी पीक चाळणी केले. त्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप नावाचा प्रकल्प सुरू झाला. ठरावीक गावांत ठरावीक प्लॉट, तिथे निरीक्षकाने जायचे, झाडे तपासायची, सापळे मोजायचे, आकडे संगणकावर चढवायचे, आणि वरून सल्ला मोबाईलवर यायचा. कल्पना उत्तम होती आणि तिचा उपयोगही झाला. पण मोजणारा माणूसच. सोमवारी पाहिलेले आकडे फिरून शुक्रवारी सल्ला होऊन आले, तर तोवर अळी बोंडात घर करून बसलेली. आणि माणूस म्हटला की आमच्या त्या वहीची भीती राहतेच.

पुढची पायरी फोटोची. मुंबईच्या वाधवानी एआय या ना-नफा संस्थेने कॉटनएस नावाचे ॲप तयार केले. सापळ्यातले पतंग पांढऱ्या कागदावर ओतायचे, मोबाईलने फोटो काढायचा, बोंडअळीचे पतंग किती ते मोबाईल मोजतो आणि फवारायचे की थांबायचे ते सांगतो. २०१९ साली गुगलने या कामाला मदत दिली. यात मोजणी मोबाईल करतो, पण कागद घेऊन वावरात जायला माणूस हवाच.

आणि आता तिसरी पायरी, जिच्याबद्दल सावनेरच्या भावाने विचारले. ती दूरची नाही. इथून वर्धा रोडने गेलात की केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते. १९७६ पासून ती आपल्या नागपुरात आहे आणि आपल्यापैकी निम्म्यांनी तिचे फाटक ओलांडलेले नाही, हा भाग वेगळा. या संस्थेने गुलाबी बोंडअळीचा स्वयंचलित सापळा तयार केला. सापळ्यात तोच ल्यूर. पण वर कॅमेरा, सौर पाटी, बॅटरी आणि मोबाईलसारखे सिमकार्ड. कॅमेरा ठरल्या वेळी फोटो काढतो, फोटो संगणकाकडे जातो, संगणकाला आधी हजारो फोटो दाखवून पतंग ओळखायला शिकवलेले असते, तो बोंडअळीचे पतंग वेगळे काढून मोजतो आणि इशारा मोबाईलवर येतो. २०२५ च्या खरिपात हे सापळे पंजाबात मानसा, बठिंडा, मुक्तसर या जिल्ह्यांच्या वावरांत लावले गेले. नागपुरात जन्मलेला सापळा पंजाबात आधी नांदायला गेला, यावर आम्ही रुसणार नाही, पण विचारणार जरूर आहोत.

आमचे मत स्पष्ट सांगतो, यंत्राला आपला विरोध नाही. हे यंत्र परीक्षेच्या आदल्या रात्री वही भरत नाही. त्याला पावसाचा कंटाळा नाही, लग्नाची तिथी नाही. चार पतंग पडले तर चार सांगेल, चौदा पडले तर चौदा. अमावस्येच्या आसपास अंडी जास्त पडतात म्हणून तेव्हा फवारा घ्या, असे आपण वर्षानुवर्षे ऐकतो आणि पाळतो. आपल्या गावात अमावस्येला पतंगांचा आकडा खरोखर चढतो की नाही, हे रोजच्या रोज मोजणारे यंत्र एका हंगामात दाखवून देईल. चढत असेल तर फवारा त्या दिवशी, नसेल तर एक फवारा वाचला. एका फवाऱ्यात औषध, मजुरी आणि पाणी वाहून नेण्याचा खर्च काय येतो ते तुम्ही आमच्यापेक्षा चांगले जाणता.

पण यंत्राची उणी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर आणखी एक शोभेची वस्तू धुऱ्यावर उभी राहील. ल्यूर महिन्याच्या आत बदलावा लागतो, तो माणसानेच. जुना ल्यूर ठेवला तर यंत्र इमानदारीने शून्य मोजत राहील, आणि आपण निर्धास्त झोपू. श्रावणाच्या झडीत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, सौर पाटीचे काय होणार? काचेवर चिखलाचा थेंब, कोळ्याचे जाळे. रोही आणि रानडुक्कर तर खांब पाडायला बसलेलेच आहेत. नेटवर्कचे काय सांगावे, उमरेडच्या पलीकडे काही गावांत लोक फोन करायला पाण्याच्या टाकीवर चढतात.

जागेचा प्रश्न तर त्याहून मोठा. जिनिंगच्या शेजारी सापळा लावला तर तो पिशवी भरभरून पतंग दाखवेल, कारण साठवलेल्या सरकीतून पतंग बाहेर पडत असतात. शेजाऱ्याची फरदड उभी असेल तिथेही तेच. दोन कोसांवरच्या वावरात मात्र तेवढे नसतील. तालुक्याला एक यंत्र लावून तालुक्याला एक सल्ला दिला, तर निम्म्या गावांनी उगाच फवारायचे आणि निम्म्यांनी उशिरा. म्हणून हे यंत्र एकराला नको आणि तालुक्यालाही नको, ते गावाला हवे. कोरडवाहू कास्तकाराने एकट्याने विकत घेण्याची ही वस्तू नव्हे. युरोपात सफरचंदाच्या बागांत असे कॅमेऱ्याचे सापळे बरीच वर्षे आहेत. त्या बागेच्या एकराचे उत्पन्न आणि आपल्या एकराचे उत्पन्न एका तराजूत घालू नका. गावात एक यंत्र, आणि त्याच्या भोवती प्रत्येकाच्या वावरात साधे सापळे. यंत्राचा आकडा चढला की सगळ्यांनी आपापले साधे सापळे त्या दोन-तीन दिवसांत पाहायचे आणि वीस बोंडे फोडायची. रोज मोजायचा कंटाळा आपण करतो, पण वर्षातून चार-पाच वेळा, हाक आली म्हणजे, आपण नक्की जाऊ. बोंड फोडायला पर्याय नाही. नर पतंग किती आले एवढेच सापळा सांगतो, माझ्या बोंडात अळी आहे का ते चाकूच सांगतो.

ज्वारीवाल्या भावांनी कुरकुर करू नये म्हणून थोडे त्यांच्यासाठी. २०१८ साली अमेरिकेतली लष्करी अळी आपल्या देशात आली, मका तिला आवडतो, ज्वारीही चालते. तिचाही ल्यूर मिळतो, तिच्या पतंगांची मोजणी याच पद्धतीने होऊ शकते. पण ज्वारीची खरी दुखणी म्हणजे खोडमाशी, जिने पोंगेमर होते. तिच्यासाठी संशोधन केंद्रात सुक्या मासळीच्या भुकटीचा सापळा वापरतात, ती वासाला येते. घरच्या बायका हा सापळा अंगणात ठेवू देणार नाहीत हे उघड आहे. शिवाय त्या वासाला इतर माश्याही भरपूर येतात, आणि एवढ्याशा माशीतून नेमकी खोडमाशी ओळखणे कॅमेऱ्याला जड जाईल. ज्वारीला आजही वेळेवर पेरणी हाच मोठा इलाज आहे. पाऊस पडल्याबरोबर पेराल तर माशीच्या तावडीतून सुटाल.

आता सगळ्यात महत्त्वाचे. आकडा कोणाचा?

वावर माझे, पऱ्हाटी माझी, पतंग माझ्या पिकावर आलेला. त्याचा फोटो सिमकार्डातून उडाला आणि कोणाच्या तरी संगणकात जाऊन बसला. उद्या एखादी औषध कंपनी म्हणेल, सापळा आम्ही फुकट लावून देतो. लावेल. आणि सकाळी मोबाईलवर निरोप येईल : धोका आहे, अमुक औषध मारा. धोका आहे की गोदामात माल पडला आहे, हे तुम्हाला कसे कळणार? ज्याच्या दुकानात औषध त्याच्याच हातात थर्मामीटर, असा दवाखाना आपण आपल्या लेकरासाठी पसंत करू काय?

दुसरी बाजू तर याहून गंभीर. २०१७ च्या नुकसानीनंतर आपण सगळ्यांनी जी फॉर्म भरले. २००९ च्या राज्याच्या कापूस बियाणे कायद्याखाली तक्रारीचा तो अर्ज. त्याला सातबारा जोडा, बियाण्याची पावती जोडा, पाकीट जोडा. पावती कोणाकडे होती? उधारीत घेतलेल्या बियाण्याची पावती कृषी केंद्रवाला देतो का? मग समितीने यायचे, पंचनामा करायचा. कितीतरी वावरांत समिती येईपर्यंत पऱ्हाटी उपटून हरभरा पेरून झाला होता. त्याच डिसेंबरात इथे नागपूरच्या अधिवेशनात सरकारने घोषणा केली : जिरायती कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५०० रुपये. त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून, ८,००० पीक विम्यातून, बाकीचे आपत्ती निधीतून. कंपन्यांनी जबाबदारी नाकारली. तुमच्या हाती प्रत्यक्ष किती आले आणि केव्हा, ते तुमच्या पासबुकात लिहिलेले आहे, आम्ही सांगायची गरज नाही.

कल्पना करा, त्या वर्षी गावागावात तारीखवार आकडा असता. सप्टेंबरच्या अमुक रात्री बारा पतंग, दुसऱ्या रात्री पंधरा, तिसऱ्या रात्री एकवीस, सोबत फोटो. मग "अळी आलीच नव्हती", "तुम्ही काळजी घेतली नाही", असे म्हणायची कोणाची छाती झाली असती? तारखेसह साठवलेला आकडा हा पुरावा आहे. आणि पुरावा म्हणजे दुधारी विळा. तो आपल्या हाती असला तर आपण दावा मांडू. तो विमा कंपनीच्या हाती असला आणि आपल्याकडे प्रत नसली, तर तीच कंपनी म्हणेल, आमच्या यंत्रात पातळी ओलांडलेलीच नाही, दावा नामंजूर. यंत्रातला ल्यूर दोन महिने बदललेला नव्हता, हे मग आपण कशाने सिद्ध करणार?

२०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. शेतकऱ्याला ओळख क्रमांकही दिला जात आहे, वावराची माहिती त्याला जोडली जात आहे. म्हणजे यंत्रे येणार, आपण हो म्हटले तरी आणि नाही म्हटले तरी. नंतर रस्त्यावर बसण्यापेक्षा अटी आधी घातलेल्या बऱ्या.

एक परदेशची गोष्ट सांगतो, कारण ती सापळ्यांचीच आहे. अमेरिकेत गुलाबी बोंडअळी पहिल्यांदा १९१७ साली टेक्सासमध्ये सापडली. बरोबर शंभर वर्षांनी ती आपल्याकडे हंगाम खाऊन गेली. आणि पुढच्याच वर्षी, २०१८ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केले की त्यांच्या कापूस पट्ट्यातून ती नाहीशी झाली. तिथेही बीटी बियाणेच होते. शिवाय त्यांनी नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले, गंधाने नराला भुलवून मिलन थांबवले, हंगाम संपला की पऱ्हाटी नष्ट केली, आणि या सगळ्याच्या खाली शेताशेतांत सापळ्यांचे जाळे होते, जे सांगत होते कुठे अजून शिल्लक आहे. त्या कामाचा मोठा खर्च तिथल्या कापूस उत्पादकांनी स्वतःवर लावून घेतलेल्या वर्गणीतून झाला. वर्गणी त्यांची होती, म्हणून सापळ्याचा आकडा त्यांना मागावा लागला नाही. तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे हजार-हजार एकर, सरकारची मदत वेगळी. खरे आहे. आपल्याकडे दोन-चार एकरांचे तुकडे आणि शेजाऱ्याशी धुऱ्याचे भांडण. म्हणूनच आम्ही जिल्ह्याचे बोलत नाही, एकेका गावाचे बोलतो.

या बैठकीतून कापूस संशोधन संस्थेला आणि जिल्हा कृषी कार्यालयाला एक निवेदन जावे, असा प्रस्ताव आम्ही मांडतो. येत्या खरिपात नागपूर जिल्ह्यातल्या काही कोरडवाहू गावांत हे स्वयंचलित सापळे लावावेत. ते लावताना आकडा आधी गावाच्या मोबाईलवर, मराठीत, साध्या फोनलाही वाचता येईल असा यावा, आणि नंतर कुठे जायचा तिथे जावा. मधल्या कोणी "फवारा" असे सांगण्याआधी किती पतंग पडले ते उघड सांगावे, निर्णय आम्ही घेऊ. हंगामाच्या शेवटी तारीखवार आकड्यांची शिक्का मारलेली प्रत ग्रामपंचायतीत राहावी. ल्यूर कोणी, कोणत्या तारखेला बदलला, तेही त्याच प्रतीत असावे. आणि औषध विकणाऱ्याने लावलेल्या यंत्राचा आकडा विम्याच्या दाव्यात आमच्याविरुद्ध ग्राह्य धरू नये. मायबहिणींपैकी कोणी बोलणार असाल तर बोला, कारण बोंडातली अळी सगळ्यात आधी वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागते, आणि आजवर एकाही नोंदवहीत तिला कोणी विचारलेले नाही.

निवेदनाचे उत्तर यायला वेळ लागेल, अळी तोवर थांबणार नाही. म्हणून यंत्र येवो न येवो, पेरणीपासून पंचेचाळीस दिवस झाले की साधे सापळे उभे राहिलेच पाहिजेत. नरसाळे पऱ्हाटीच्या शेंड्यापेक्षा हातभर वर, ल्यूर बदलल्याची तारीख टोपीवर रंगाने लिहायची. प्रत्येक गावात एका वावराच्या पाच सापळ्यांची मोजणी शाळेतल्या पोरांनी सोमवारी आणि शुक्रवारी करायची आणि आकडा पाराजवळच्या फळ्यावर लिहायचा. फळ्यावर लिहिलेला आकडा खोटा लिहिणे वहीइतके सोपे नसते, संध्याकाळी चार म्हातारे तो वाचतात आणि विचारतात.

चहा आला आहे. मागून एक वही फिरते आहे. ज्या गावांना यात यायचे असेल त्यांनी गावाचे नाव, पऱ्हाटीचे एकूण अंदाजे एकर आणि फळा कुठे लावणार ते लिहा. शाई कोणतीही चालेल, पण आपापल्या हाताने लिहा.